ताटाची डावी बाजू : मेंदूच्या बाह्यकाला इजा झालेल्या माणसाचे वागणे घरी कसे समजून घ्यावे

माझ्या आत्याच्या अंगावरून वारे गेले, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत तिला मेंदूच्या उजव्या बाजूचा स्ट्रोक झाला, आणि बारा दिवसांनी ती घरी आली. डावा हात लुळा होता, डावा पाय ओढत ती आधाराने चार पावले टाकू शकत होती, बोलणे मात्र पहिल्यासारखे खणखणीत होते. त्यामुळे डोके शाबूत आहे, आता हातापायांत बळ यायचे तेवढे बाकी आहे, अशी घरातल्या सगळ्यांची समजूत झाली. तिसऱ्या दिवशी जेवताना ती सुनेवर चिडली. ताटात मीठ नाही, चटणी नाही, लिंबाची फोड नाही, आजारी माणसाला असे कोरडे जेवायला घालतात का, असे तिचे म्हणणे होते. ‘आई, वाढलंय सगळं, ते काय समोरच आहे,’ असे सून म्हणाली, आणि ते खरोखरच समोर होते. आपल्याकडे ताट वाढण्याच्या रीतीप्रमाणे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या बाजूला येते आणि भाजी, आमटीची वाटी उजव्या बाजूला. आत्याने भाजी-आमटी संपवली होती, मधल्या भाताच्या मुदीची उजवी बाजू खाल्ली होती, आणि मुदीची डावी बाजू सुरीने कापून ठेवल्यासारखी तशीच उभी होती. शेवटी कंटाळून सुनेने ताट उचलले आणि अर्धे फिरवून पुन्हा समोर ठेवले. ‘आता कशी वाढलीस?’ असे म्हणून आत्याने चटणीला बोट लावले.

त्या दिवशी घरात याला कांगावा म्हटले गेले. पुढे फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावर कळले की आत्याला डावीकडचे दिसत होते, पण तिच्या मेंदूला डावी बाजू म्हणून काही असते याचेच भान राहिले नव्हते. हट्ट, आळस, कांगावा, विसरभोळेपणा, निर्लज्जपणा अशी नावे आपण ज्या वागण्याला देतो त्यातले बरेचसे मेंदूच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या ठराविक जागेला झालेल्या इजेचे लक्षण असते, आणि ती जागा कळली की काय करावे हेही बरेचसे कळते. स्ट्रोक, अपघातात डोक्याला लागलेला मार, मेंदूतली गाठ किंवा तिची शस्त्रक्रिया यांनंतर जे माणूस घरी आणतात त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. निदान आणि औषध डॉक्टरांचेच. पण डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटे पाहतात आणि घरचे दिवसभर पाहतात, म्हणून पाहायचे कसे हे घरच्यांना ठाऊक असले पाहिजे.

बाह्यक म्हणजे काय

मेंदूच्या दोन मोठ्या गोलार्धांवर करड्या रंगाची जी साल असते तिला बाह्यक म्हणतात; रिपोर्टमध्ये तिचे नाव कॉर्टेक्स असे येते. तिची जाडी बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटर असते. दोन्ही गोलार्धांवरची साल सोडवून पसरली तर ती वर्तमानपत्राच्या एका पानाहून थोडी मोठी भरेल, आणि एवढा पसारा कवटीत मावावा म्हणून नऊवारीच्या निऱ्यांसारख्या तिच्या घड्या पडलेल्या असतात. तिचा सुमारे दोन तृतीयांश भाग या घड्यांत दडलेला असतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, त्यांपैकी सुमारे १,६०० कोटी बाह्यकात. उरलेल्यांपैकी बहुतेक मागच्या बाजूच्या लहान मेंदूत असतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते.

ही साल सगळीकडे सारखी दिसते, पण सगळीकडे एकच काम करत नाही. १९०९ साली कोर्बिनियान ब्रोडमान या जर्मन शास्त्रज्ञाने पेशींच्या रचनेवरून तिचे विभाग पाडून त्यांना क्रमांक दिले, आणि ते क्रमांक आजही वापरात आहेत. याचा अर्थ एका खोलीत एक काम, अशी सरकारी कचेरीसारखी वाटणी आहे असा मात्र कोणी घेऊ नये. बोलणे, लक्ष देणे, आठवणे ही कामे अनेक जागा मिळून करतात, आणि त्या जागांना जोडणारे पांढरे तंतू तुटले तरी साल शाबूत असूनही काम अडते.

आधी रिपोर्ट नीट वाचावा

डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयचा कागद काढून त्यात तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली, बाजू कोणती. डावा गोलार्ध उजव्या अंगाला चालवतो आणि उजवा गोलार्ध डाव्या अंगाला. भाषेचा कारभार उजव्या हाताने काम करणाऱ्या शंभर माणसांपैकी सुमारे ९५ जणांत डाव्या गोलार्धाकडे असतो. डावखुऱ्यांतही बहुतेकांत तो डावीकडेच असतो, पण इतक्या खात्रीने सांगता येत नाही. म्हणून रुग्ण मुळात डावखुरा होता का, लहानपणी मारून-मुटकून त्याला उजव्या हाताने लिहायला लावले होते का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगावे.

दुसरी गोष्ट, खंड कोणता. फ्रंटल म्हणजे कपाळामागचा ललाटखंड, पॅरायटल म्हणजे टाळूखालचा, टेम्पोरल म्हणजे कानाच्या वरचा शंखखंड आणि ऑक्सिपिटल म्हणजे डोक्याच्या मागच्या फुगवट्यातला. तिसरी गोष्ट, कोणती रक्तवाहिनी. रिपोर्टमध्ये एमसीए असे अक्षर असेल तर मधली धमनी बंद झाली आहे असे समजावे. गोलार्धाच्या बाहेरच्या बाजूचा बराच मोठा भाग तिच्यावर पोसला जातो, त्यामुळे चेहरा आणि हात पायापेक्षा जास्त लुळे पडतात आणि त्याच्या जोडीला डावीकडे भाषेचा, उजवीकडे लक्षाचा घोटाळा होतो. एसीए, म्हणजे पुढची धमनी, असेल तर पाय जास्त जातो; पीसीए, म्हणजे मागची धमनी, असेल तर नजर जाते. कागदावर लॅक्युनर, कॅप्सूल, थॅलॅमस असे शब्द असतील तर इजा सालीत नसून खोलवर आहे. तिथल्या लहान इजेत हात-पाय सारखेच लुळे पडू शकतात, पण बोलणे आणि लक्ष बहुधा शाबूत राहते.

एवढे वाचून झाल्यावर मगच माणसाकडे पाहावे. पाहताना चष्मा आणि कानाचे यंत्र लावलेले असावे, झोप झालेली असावी, आणि समोर पाहुणे नसावेत. भेटायला आलेल्या नातेवाइकांनी ‘मी कोण, ओळख पाहू’ असे विचारण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे तिने रुग्णाला लाज वाटण्यापलीकडे काहीही साधत नाही.

बोलणे अडले असेल तर

सर्वांत आधी जीभ अडते आहे की भाषा, हे वेगळे करावे. जीभ आणि ओठ यांचे स्नायू ढिले पडले की उच्चार बोबडे होतात, पण शब्द बरोबर असतात, आणि असे माणूस जे बोलू शकत नाही ते लिहून दाखवू शकते. भाषाच दुखावली असेल तर त्याला वाचाघात किंवा अफेझिया म्हणतात, आणि तेव्हा लिहिणेसुद्धा बोलण्याइतकेच बिघडलेले असते. सही नीट आली म्हणून लिहिता येते असे समजू नये. सही हा हाताच्या सवयीचा भाग आहे. ‘आज काय खाल्ले ते लिही’ असे सांगून पाहावे.

१८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण वारला. वर्षानुवर्षे त्याच्या तोंडून ‘तां’ एवढाच शब्द निघत असे, शिवाय चिडला की एक शिवी. पण लोक काय म्हणतात ते त्याला बरेचसे समजत असे. पॉल ब्रोका या शल्यवैद्याने त्याचा मेंदू तपासला तेव्हा डाव्या ललाटखंडाच्या मागच्या-खालच्या भागात इजा आढळली. त्यानंतर १८७४ साली कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टराने उलटी तऱ्हा वर्णन केली: इजा डाव्या शंखखंडाच्या मागच्या भागात, बोलणे भरभर आणि सुरात, पण त्यात अर्थ नाही, आणि दुसऱ्याचे बोलणे समजत नाही. घरात या दोन तऱ्हा अगदी वेगळ्या दिसतात. पहिलीत माणूस ‘चहा... मी... नको... गरम’ असे एकेक शब्द ओढून काढते, प्रत्यय आणि क्रियापदांची रूपे चुकतात, आणि आपले चुकते आहे हे कळत असल्यामुळे त्याला रडू येते. दुसरीत माणूस अस्खलित बोलते, हातवारे करते, मधेच नसलेलेच शब्द घडवते, आणि समोरच्याला कळत नाही म्हणून समोरच्यावरच रागावते. या दुसऱ्या तऱ्हेला पुष्कळ घरांत वेड लागले असे समजतात आणि मानसोपचाराची किंवा बाहेरची वाट धरतात. लुळेपणा नसताना नुसते असे बोलणे अचानक सुरू झाले तर तो स्ट्रोक असू शकतो, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

घरी पाहण्याची रीत साधी आहे. किल्ली, चमचा, घड्याळ, कंगवा अशा चार-पाच वस्तू एकेक करून दाखवाव्यात आणि नाव विचारावे. मग एक लहान वाक्य म्हणून ते पुन्हा म्हणायला सांगावे. मग हातवारे न करता, नजरसुद्धा वस्तूकडे न नेता, ‘डोळे मिटा’, ‘चमचा उचलून माझ्या हातात द्या’ असे सांगावे. हातवारे न करणे महत्त्वाचे आहे, कारण भाषा न कळणारी माणसे आपल्या हाताकडे आणि चेहऱ्याकडे पाहून इतके बरोबर ओळखतात की घरच्यांना सगळे कळते असेच वाटत राहते. शेवटी एक ते दहा आकडे, वारांची नावे, शुभंकरोती किंवा रोजची आरती म्हणायला लावावी. ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही असे माणूस अख्खी आरती चालीत म्हणताना पाहून घरचे चकित होतात. घोकलेले आणि गायलेले बोल मेंदूत वेगळ्या वाटेने येतात. ही वाट स्पीच थेरपिस्ट उपचारासाठीही वापरतात, म्हणून ओवी, आरती, पाढे यांपैकी काय काय येते याची नोंद ठेवावी.

अशा माणसाशी बोलताना टीव्ही बंद करावा, समोर बसावे, एका वाक्यात एकच गोष्ट विचारावी आणि उत्तरासाठी मनातल्या मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावे. आवाज चढवू नये; कान ठीक आहेत. लहान मुलांशी बोलतो तसे लाडे-लाडे बोलू नये. ‘काय हवे?’ यापेक्षा ‘चहा हवा की दूध?’ असे विचारून दोन्ही कप दाखवावेत. होय आणि नाही यांत गोंधळ होतो का ते माहीत असलेल्या प्रश्नांनी तपासावे, कारण मान एकीकडे हलते आणि म्हणायचे दुसरेच असते, असे वरचेवर घडते. वाक्य आपण पुरे करून टाकण्याची घाई आवरणे सर्वांत कठीण जाते, तरी ती आवरावी.

भाषा कोणती, हाही प्रश्न आहे. ज्या माणसाने जन्मभर घरात मालवणी, अहिराणी किंवा कोकणी आणि कचेरीत इंग्रजी वापरली, त्याच्या या भाषा सारख्याच प्रमाणात परततील असे नाही. परदेशात मुलाकडे असताना स्ट्रोक झाला आणि तिथल्या थेरपिस्टने फक्त इंग्रजीत तपासले, तर निकाल खऱ्या अवस्थेपेक्षा वाईट दिसू शकतो. कोणती भाषा आधी शिकली, कोणती रोज बोलत, लिहिता कोणती येत असे, हे कागदावर लिहून द्यावे.

डाव्या पॅरायटल खंडाच्या मागच्या भागाला इजा झाली तर बोलणे बरे असूनही बेरीज-वजाबाकी, लिहिणे, बोटांची नावे आणि डावे-उजवे यांत घोटाळा होतो. पन्नास वर्षे दुकान चालवलेल्या माणसाला शंभराच्या नोटेतून पस्तीस रुपये वजा करता येत नाहीत. हे स्मृतिभ्रंश नव्हे. गल्ला आणि बँकेचे व्यवहार मात्र तेवढ्यापुरते दुसऱ्याने पाहावेत.

डावी बाजूच हरवली असेल तर

बोलणे बिघडले की सगळ्यांना कळते. उजव्या गोलार्धाची, विशेषतः उजव्या पॅरायटल खंडाची इजा मात्र गप्पांच्या आड लपून जाते. तिच्यामुळे एका बाजूचे भानच सुटते, त्या अवस्थेला डॉक्टर निग्लेक्ट म्हणतात. माणूस केस उजव्याच बाजूचे विंचरते, उजव्याच गालाची दाढी करते, डाव्या बाहीत हात घालायचा राहतो, डाव्या दारचौकटीला खांदा आपटतो, वर्तमानपत्राची ओळ मधूनच वाचायला सुरुवात होते आणि ‘हल्ली काय वाटेल ते छापतात’ अशी तक्रार होते.

नजर बरी असूनही हे होते याचा सुंदर पुरावा १९७८ साली मिलानमध्ये एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुझात्ती या संशोधकांनी दिला. त्यांनी अशा रुग्णांना त्यांच्या ओळखीच्या कॅथीड्रलसमोरच्या चौकात कॅथीड्रलकडे तोंड करून आपण उभे आहोत असे मनात आणायला आणि काय दिसते ते सांगायला लावले. रुग्णांनी मुख्यतः उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहून चौकाकडे पाहत आहोत असे समजायला सांगितले, तेव्हा आधी गाळलेल्या इमारती बरोबर आठवल्या, कारण आता त्या उजवीकडे आल्या होत्या, आणि मघाशी सांगितलेल्या गळाल्या. हरवली होती ती बाजू डोळ्यांपुढची नव्हती, मनातल्या चित्रातली होती. आत्याला तिच्या माहेरच्या वाड्याच्या दिंडी दरवाजात उभी आहेस असे समज म्हणून मी विचारले, तेव्हा तिने उजवीकडची विहीर, गोठा, आंब्याचे झाड सांगितले आणि डावीकडचे देवघर, जिथे तिने पंचवीस वर्षे दिवा लावला, ते सांगितलेच नाही.

घरी पाहायचे असेल तर कोऱ्या कागदावर वीस सेंटिमीटरची आडवी रेघ काढून कागद बरोबर समोर ठेवावा आणि मध्यावर खूण करायला सांगावे. अशा माणसाची खूण ठळकपणे उजवीकडे सरकते. घड्याळाचे तोंड काढायला दिले तर बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसतात. चित्रे काढण्याची सवय नसलेल्या बाईला पाटावर ठिपके काढून रांगोळी जोडायला द्यावी; त्यातही तेच दिसते. या कागदांवर तारीख घालून ते जपून ठेवावेत, महिन्या-महिन्याने केलेली सुधारणा त्यांच्यावरून दाखवता येते.

मदतीची दिशा ठरवताना दोन गोष्टी एकत्र सांभाळाव्या लागतात. जिच्यावर जीव अवलंबून आहे ती वस्तू, म्हणजे बोलावण्याची घंटा, पाण्याचा तांब्या, मोबाइल, उजवीकडे ठेवावी. सरावाच्या गोष्टी मात्र डावीकडे न्याव्यात. ताटाच्या डाव्या कडेला, पुस्तकाच्या डाव्या समासाला, दाराच्या डाव्या चौकटीला लाल चिकटपट्टी लावावी आणि ‘लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवा’ असे सांगावे. ‘डावीकडे बघा’ असे सांगून भागत नाही, कारण जी बाजू नाहीच तिकडे कोण बघणार. गप्पा मारायला हळूहळू डाव्या बाजूने बसावे, लुळा हात मांडीवर किंवा टेबलावर नजरेसमोर ठेवावा, आणि चाकाच्या खुर्चीत तो हात चाकात अडकत नाही ना हे प्रत्येक वेळी पाहावे. आमच्याकडे ताट फिरवणे पुढे बंद केले, कारण ताट फिरवल्याने पोट भरते पण मान वळायला शिकत नाही. त्याऐवजी सून लिंबाची फोड ताटाच्या अगदी डाव्या कडेला ठेवी आणि ‘लिंबू शोधा’ म्हणे.

याच्या जोडीला कधी कधी आणखी एक विचित्र गोष्ट असते. हात लुळा आहे हेच माणसाला मान्य नसते. १९१४ साली जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टराने तिला नाव दिले. ‘हात उचला’ म्हटले की ‘उचलला की’ असे उत्तर येते, किंवा हा हात माझा नाहीच, असेही येते. हा खोटेपणा नसतो, आणि वाद घालून तो पटवता येत नाही. धोका असा की आपण चालू शकतो या खात्रीने माणूस रात्री उठते आणि पडते. पलंग बुटका ठेवावा, रात्रीचा दिवा ठेवावा, आणि कोणीतरी त्याच खोलीत झोपावे. सुदैवाने ही अवस्था पुष्कळांत काही आठवड्यांत ओसरते.

नजर, चेहरे आणि स्पर्श

डोक्याच्या मागच्या ऑक्सिपिटल खंडात डोळ्यांनी आणलेली माहिती उतरते. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात कवटीतून गोळी आरपार गेलेल्या सैनिकांची तपासणी करून तात्सुजी इनोउये या जपानी नेत्रवैद्याने नजरेचा कोणता भाग बाह्यकात कुठे उतरतो याचा नकाशा मांडला. एका बाजूच्या खंडाला इजा झाली की दोन्ही डोळ्यांतला विरुद्ध बाजूचा अर्धा देखावा जातो. डावा डोळा गेला असे रुग्ण म्हणेल, पण एकेक डोळा झाकून पाहिले तर दोन्हींत डावीकडचेच दिसत नाही. चष्म्याचा नंबर बदलून याला गुण येत नाही. निग्लेक्टपासून हे वेगळे कसे करावे? ज्याची नजर अर्धी गेली आहे त्याला काहीतरी दिसत नाही हे कळते आणि तो आपण होऊन मान वळवतो. वाहन मात्र दोघांनीही चालवू नये, नेत्रतज्ज्ञाने नजरेचा आवाका मोजून परवानगी देईपर्यंत तर नाहीच.

शंखखंड आणि ऑक्सिपिटल खंड यांच्या खालच्या बाजूला, विशेषतः उजवीकडे, चेहरे ओळखण्याची जागा असते. ती गेली की मुलगा समोर उभा राहिला तरी ओळखू येत नाही आणि ‘आई’ अशी हाक आली की लगेच ओळखू येतो. अशा घरात आत येणाऱ्याने आधी बोलावे, मग पुढे यावे, एवढा नियम केला की बराचसा अवघडलेपणा जातो.

स्पर्शाची पट्टी पॅरायटल खंडाच्या पुढच्या कडेला असते. डोळे मिटून हातात एक, दोन, पाच रुपयांची नाणी, किल्ली आणि सेफ्टी पिन एकेक द्यावी. हाताला चिमटा कळतो, पण वस्तू ओळखता येत नाही, असे झाले तर इजा सालीत असण्याचा संभव जास्त. असा हात गरम तवा, इस्त्री, शेकाची पिशवी यांपासून सांभाळावा. वस्तू कळत नाही तिथे तापमानाचाही भरवसा नसतो.

हात मागे का राहतो

स्पर्शाच्या पट्टीला लागून पुढे, ललाटखंडाच्या मागच्या कडेला, हालचालीची पट्टी आहे. माँट्रियलच्या वाइल्डर पेनफील्ड या शल्यवैद्याने शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूला शस्त्रक्रियेच्या वेळी सौम्य विजेचा स्पर्श करून या दोन्ही पट्ट्यांचा नकाशा काढला. त्यात अंगठा, बोटे, ओठ आणि जीभ यांना अवाढव्य जागा आहे, धड आणि पाय यांना थोडी, आणि पायाची जागा वरून आतल्या बाजूला वळलेली आहे. म्हणूनच मधल्या धमनीच्या स्ट्रोकमध्ये माणूस काठीने चालायला लागते तरी शर्टाचे बटण लावता येत नाही. पाय सुधारला म्हणून हाताचा व्यायाम सोडू नये. बऱ्या हाताला आवरून लुळ्या हाताकडून काम करवून घेण्याची एक पद्धत आहे, पण ती फिजिओथेरपिस्टने हात पाहून ठरवावी. आपल्या मनाने बरा हात बांधून ठेवू नये. कबुतराच्या रक्ताने मालीश करणारे गल्लोगल्ली भेटतात. इजा कवटीच्या आत आहे आणि मालीश दंडावर चालते, एवढे म्हणून मी तो विषय सोडतो.

बाह्यकाला इजा झालेल्यांना पुढे महिन्यांनीसुद्धा फिट येऊ शकते. ती कधी नुसत्या अंगठ्याच्या किंवा ओठाच्या थरथरीने सुरू होते आणि हातावरून वर सरकत जाते. तेव्हा माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावे आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये. कांदा, चप्पल आणि लोखंडी किल्ली आपापल्या जागी राहू द्यावी. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा लागोपाठ दुसरी आली, तर रुग्णालय गाठावे.

स्वभाव बदलला असेल तर

१३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना फिनिअस गेज या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या डाव्या गालातून सुमारे सहा किलो वजनाची पहार शिरली आणि कवटीच्या वरून बाहेर पडली. तो जगला, चालला, बोलला. पण त्याच्यावर उपचार करणाऱ्या जॉन हार्लो यांनी लिहून ठेवले की शिस्तीचा, जबाबदार गेज उरला नाही, तो शिवराळ आणि लहरी झाला. पाठ्यपुस्तके गोष्ट बहुधा इथेच थांबवतात, आणि मला ते अन्यायाचे वाटते, कारण हाच गेज पुढे चिलीमध्ये काही वर्षे घोडागाडी हाकत होता. रोज तीच वेळ, तेच घोडे, तीच वाट. ललाटखंडाला मार लागलेल्या माणसाला बाहेरून बांधून दिलेला दिनक्रम किती उपयोगी पडतो, हे त्याच्या आयुष्याच्या उत्तरार्धावरून शिकण्यासारखे आहे.

ललाटखंडाच्या इजेत दोन उलटी चित्रे दिसतात. एकात ब्रेक जातो: जे मनात आले ते चारचौघांत बोलणे, दुसऱ्याच्या ताटातले उचलणे, मागेल त्याला पैसे देणे. दुसऱ्यात इंजिनच सुरू होत नाही: दात घासण्याचा ब्रश हातात धरून माणूस अर्धा तास बेसिनपाशी उभे राहते, आणि विचारले तर ‘घासतो आहे’ म्हणते. या दुसऱ्याला घरात आळशी म्हणतात. खरे तर त्याला काय करायचे ते ठाऊक असते, सुरुवात करता येत नाही. अशा वेळी हात धरून पहिले दोन फटके आपण मारून द्यावेत. पुढचे बहुधा आपोआप होते. दिवसाचे वेळापत्रक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावे, एका वेळी एकच सूचना द्यावी, ‘आवरून घ्या’ असे न म्हणता ‘शर्ट घाला’ असे म्हणावे. ब्रेक गेलेल्याला पाहुण्यांसमोर रागावू नये, विषय बदलून दुसऱ्या खोलीत न्यावे. फोनवर गोड बोलणाऱ्या अनोळखी माणसाला ओटीपी सांगून टाकणारे याच गटातले असतात, म्हणून मोबाइलमधले पैशांचे अॅप आणि एटीएमचे कार्ड घरातल्या एका विश्वासू माणसाकडे असावे, आणि जमिनीच्या किंवा घराच्या कागदांवर या काळात सही घेऊ नये, घरच्यांनीसुद्धा.

गप्प बसण्यामागे नैराश्यही असू शकते. स्ट्रोक झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना ते कधी ना कधी गाठते आणि त्यावर औषध आहे. सुरुवात न करता येणारे माणूस बहुधा दुःखी नसते. रडणे, झोप उडणे, जेवण तुटणे, ‘मी ओझे झालो’ असे म्हणणे दिसले तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे.

वही ठेवावी

एक शंभर पानी वही घेऊन त्यात तारीख, वेळ आणि जे दिसले ते लिहावे. ‘चिडचिड करतात’ असे न लिहिता ‘संध्याकाळी सात वाजता, तीन माणसे एकदम बोलत असताना, ताट ढकलले’ असे लिहावे. पहिल्या वाक्यावरून डॉक्टर झोपेची गोळी देतील, दुसऱ्यावरून गर्दी कमी करायला सांगतील. चालण्याचा आणि बोलण्याचा एकेक मिनिटाचा व्हिडिओ पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच उजेडात काढावा. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो आणि पुढे मंदावतो, पण थांबत नाही. भाषा तर वर्षानंतरही सुधारताना दिसते. शाबूत राहिलेल्या भागांनी काम उचलायला शिकावे लागते, आणि ते शिकणे रोजच्या थोड्या थोड्या सरावाने होते, रविवारी दोन तास घाम गाळून होत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक, रुग्णाची औषधे, आणि रात्रंदिवस सीटी स्कॅनची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा पत्ता लिहून ठेवावा, कारण ज्याला एकदा स्ट्रोक झाला त्याला दुसरा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तोंड अचानक वाकडे झाले, हात उचलून धरला तर खाली येऊ लागला, बोलणे अडखळले किंवा असंबद्ध झाले, नजर अचानक गेली, तर पडून राहून बरे वाटेल याची वाट पाहू नये. तोंडात पाणी, चहा, साखर काहीही घालू नये, कारण गिळणे बिघडलेले असले तर ते फुप्फुसात उतरते. घरातली अॅस्पिरिनची किंवा रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने देऊ नये. आत रक्ताची गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅन झाल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि हे तास तुम्हाला कळल्यापासून मोजत नाहीत, माणूस शेवटचे ठीक दिसले होते तेव्हापासून मोजतात. रात्री दहाला धडधाकट झोपलेले माणूस पहाटे पाचला लुळे आढळले, तर डॉक्टरांना सांगायची वेळ दहाचीच. झोपेतच झटका आलेल्यांपैकी काही निवडक रुग्णांत विशेष स्कॅनवरून उपचार ठरवता येतात, आणि मोठी धमनी बंद असेल तर तारेने गुठळी काढण्याचा उपाय काही जणांत २४ तासांपर्यंत करता येतो, म्हणून उशीर झाला असे आपणच ठरवून घरी थांबू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत ती शेवटची वेळ कागदावर लिहावी आणि कागद रुग्णाच्या खिशात ठेवावा.